टूरवरून दमून आलात आणि काहीतरी भारी खायचंय? आधी बूट काढा

ऑफिसच्या टूरवरून रात्री साडेदहाला घरी आलात, बॅग दारातच टाकली, बूटसुद्धा न काढता फोनवर फूड अ‍ॅप उघडलं, असं तुमचंही होत असेल तर जरा थांबा. मी हे इतक्या वेळा केलंय की पुढचं सगळं पाठ झालंय. पाऊण तास स्क्रोल, मग काहीच ठरेना म्हणून तीन वेगवेगळ्या गोष्टी ऑर्डर, पार्सल येईपर्यंत सोफ्यावर डोळा लागलेला, आणि शेवटी गार झालेलं अर्धवट खाऊन पोट जड, जीभ मात्र तशीच उपाशी.

एक सांगतो, ही भूक म्हणजे नुसते नखरे नसतात. झोप नीट झाली नाही की भूक वाढवणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन वाढतं आणि पोट भरलं असं सांगणारं लेप्टिन कमी होतं असं अभ्यासांत दिसलंय, त्यामुळे दोन रात्री हॉटेलात कूस बदलत काढल्या असतील तर जीव तळकट-गोडाकडे धावणारच. त्यात विमानाने आला असाल तर अजून वेगळंच, केबिनमधला हवेचा दाब साधारण 6000 ते 8000 फुटांवर असतो तसा ठेवलेला असतो, हवा एकदम कोरडी, वर इंजिनाची घरघर, या सगळ्यात खारट आणि गोड चव मंद लागते, म्हणजे तिथलं जेवण पोटात जातं पण जेवल्यासारखं काही वाटत नाही.

तर घरी आल्यावर पहिली पंधरा मिनिटं फोन लांब. ग्लासभर पाणी, गरम पाण्याने अंघोळ, घरातले कपडे. मग डोळे मिटून पहिला घास कसा हवाय तेवढंच आठवा. कुरकुरीत की मऊ, आंबट की खारट, वाफाळतं की गार? कारण बऱ्याचदा आपल्याला तो अख्खा पदार्थ नकोच असतो, त्यातलं एकच काहीतरी हवं असतं. मला तीन दिवस बुफे जेवल्यावर हमखास पिझ्झा आठवतो, आणि खरं बघितलं तर मला फक्त वितळलेलं चीज आणि ती करपलेली कड हवी असते. ते ब्रेडच्या स्लाइसवर होतं की! तव्यावर थोडं बटर, स्लाइस ठेवायची, वर किसलेलं चीज आणि मुद्दाम थोडं स्लाइसच्या बाहेर तव्यावर सांडायचं, कडेला पाण्याचे चार थेंब टाकून मंद गॅसवर झाकण. वाफेने वरचं चीज वितळतं, मग झाकण काढून बाहेर सांडलेलं चीज तपकिरी होईपर्यंत थांबायचं, त्याची जाळी होते आणि ती कड उलथण्याने सोडवताना जो आवाज येतो ना, तिथेच अर्धा थकवा जातो.

पण यातली खरी मेहनत निघायच्या आदल्या दिवशीची आहे, दमून आल्यावर कोण कांदा चिरणार. फ्रीजरमध्ये ब्रेड ठेवून जा (स्लाइस गोठलेली असली तरी थेट तव्यावर चालते), फ्रीजमध्ये अंडी, बटर, चीज, एखादं लिंबू. शिवाय शिजवलेला भात पिशवीत पातळ, सपाट पसरून गोठवा, गोळा करून ठेवलात तर मधला भाग सुटता सुटत नाही. भात शिजल्यावर लवकर गार करा आणि दोन तासांच्या आत फ्रीजरमध्ये ढकला, बाहेर राहिलेल्या भातात बॅसिलस सेरियस नावाचे जंतू जे विष तयार करतात ते परत गरम करूनही जात नाही. आल्यावर बटरमध्ये लसूण ठेचून टाका, भात मोडून घाला, दोन चमचे पाणी, झाकण, चांगली वाफ आली की वर अंडं आणि मिरपूड. कुरकुरीत हवं असेल तर भात दाबून बसवा आणि अजिबात हलवू नका, चुरचुर आवाज बदलून तडतड झाली की खालून खरपूस झालेला असतो.

बाहेरचंच हवंय? मागवा ना, पण घरी पोचायच्या आधी, टॅक्सीत बसल्या बसल्या, आणि एकच गोष्ट. तळलेलं असेल तर डबा आल्या आल्या उघडा, बंद डब्यात वाफ कोंडून सगळं मऊ पडतं.

खाताना ताटात वाढून बसून खा, पाकिटातून नको. पोट भरल्याचं कळायला साधारण वीस मिनिटं लागतात, म्हणून नेहमीपेक्षा थोडं कमीच घ्या, फार तिखट-तेलकट खाऊन लगेच आडवं झालात तर जळजळ ठरलेली. कॉफी तर नकोच, पाच-एक तासांनीही त्यातलं निम्मं कॅफिन अंगात असतं. गोड हवं असेल तर चॉकलेटचे दोन तुकडे तोडून घ्या आणि उरलेलं परत कपाटात, अख्खा बार हातात घेऊन सोफ्यावर बसलात की संपलाच समजा.

बॅग उद्या उघडली तरी चालेल. फक्त वाटेत अर्धं खाऊन बाजूच्या कप्प्यात ठेवलेलं सँडविच तेवढं आत्ताच बाहेर काढा, माझं एकदा चार दिवसांनी वासावरून सापडलं होतं.