जुनी कॅम्पर व्हॅन घेऊन युरोप फिरताय? या चुका टाळा

एक मित्र जर्मनीत नोकरीला, दुसरा पुण्याहून सुट्टी टाकून येणार, आणि दोघांच्या मध्ये तीस-पस्तीस वर्षांची कॅम्पर व्हॅन, फोक्सवॅगन टी-थ्री. बेत झकास आहे. पण या गाड्यांचे बिघाड ठरलेल्या जागीच होतात आणि त्यातले निम्मे निघायच्या आधी, घरासमोर गाडी उभी असतानाच पकडता येतात. तरी बहुतेक जण तो वेळ पडदे शिवण्यात आणि फेअरी लाइट लावण्यात घालवतात.

पेट्रोलच्या वासाकडे दुर्लक्ष

"पेट्रोलचा वास येतोय का रे?"
"आत्ता पंपावरून निघालो ना, तोच असेल."

हा संवाद झाला की गाडी बाजूला घ्या. टी-थ्रीचं इंजिन मागे, झोपायच्या फळीखाली असतं. पेट्रोलच्या रबरी नळ्या वर्षानुवर्षं त्या उष्णतेत वाळतात आणि क्लॅम्पच्या तोंडाशी चिरतात. नळी बोटांत धरून हलकेच वाकवा. वाकाच्या बाहेरच्या बाजूला बारीक भेगा दिसल्या तर ती संपली समजा. गळणारं पेट्रोल गरम इंजिनावर पडलं तर आग लागते, आणि या गाड्या अशा जळालेल्या आहेत. सगळ्या नळ्या आणि क्लॅम्प एकदाच बदलून टाका. खर्च फार नाही.

पंपावर पेट्रोलच्या नोझलवर गोलात 'ई५' किंवा 'ई१०' लिहिलेलं असतं, डिझेलवर चौकोनात 'बी७'. ई१० मध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याला टिकेलच असं नाही. चार पैसे जास्त गेले तरी ई५ भरा.

चढताना इंजिन, उतरताना ब्रेक

पाण्यावर थंड होणाऱ्या टी-थ्रीत रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे, मध्ये लांबलचक पाइप. कूलंट बदलताना त्यात हवा अडकली तर सपाट रस्त्यावर काहीच कळत नाही, पहिल्या मोठ्या चढावर तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकतो. म्हणून कूलंट भरताना गाडीची पुढची बाजू उंच करून हवा नीट काढून घ्यावी लागते. हे ठाऊक असलेल्या मेकॅनिककडेच काम द्या. रस्त्यात काटा चढलाच तर एसी नव्हे, हीटर फुल्ल करा. ऑगस्टमध्ये घामाघूम व्हाल, पण इंजिनाची उष्णता बाहेर पडेल. थांबल्यावर कूलंटचं झाकण लगेच उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं.

उतार त्याहून वाईट. इटलीतली स्टेल्विओ खिंड २,७५७ मीटरवर आहे आणि एका बाजूला ४८ वळणं. सामानाने भरलेली व्हॅन तिथे नुसत्या ब्रेकवर उतरवली की आधी करपल्याचा वास येतो, मग पॅडल मऊ पडतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. ते जुनं झालेलं असलं की त्यातलं पाणी उकळून वाफ होते आणि पॅडल दाबलं तरी जोर चाकापर्यंत पोचत नाही. ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. आधीच्या मालकाने कधी बदललं हे सांगता येत नसेल तर बदलाच. बाकी नियम आपल्या घाटातलाच: ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. तापलेल्या ब्रेकवर पाणी ओतू नका. आणि माझं ऐकाल तर फोटोसाठी स्टेल्विओचा हट्ट सोडा. १,३७० मीटरवरची ब्रेनर खिंडसुद्धा इटलीतच उतरवते.

टायरची नक्षी बघून फसू नका. व्हॅन वर्षातले बरेच महिने उभी असते, त्यामुळे टायर झिजायच्या आधी म्हातारे होतात. बाजूला 'डॉट' क्रमांकातले शेवटचे चार आकडे बघा: २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. असा टायर बदलायचाच.

कागद

व्हिसाची मुदत आणि राहायचे दिवस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, आणि तुमच्या व्हिसावर त्याहून कमी दिवस लिहिले असतील तर तेवढेच. 'दिवस संपत आले की क्रोएशियात जाऊन थांबा' हा जुना सल्ला आता अंगाशी येईल, कारण १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशियाही शेंगेनमध्ये आहे.

पुण्याहून येणाऱ्याने आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा. जर्मनीत राहायला आलेल्याचा भारतीय परवाना मात्र तिथे सहाच महिने चालतो. विम्यात दोघांचंही चालक म्हणून नाव आहे ना, हेही बघा. मित्र चालवत असताना अपघात झाला आणि पॉलिसीत फक्त तुमचंच नाव असलं तर मोठा घोळ होतो.

जर्मन शहरांच्या पर्यावरण क्षेत्रांत कमी धूर सोडणाऱ्या गाड्यांचा हिरवा स्टिकर लागतो. ३० वर्षांवरच्या गाडीला ऐतिहासिक वाहनाची 'एच' नंबरप्लेट असेल तर त्यातून सूट मिळते. स्वित्झर्लंडमध्ये महामार्गाचा विनयेट (टोलचा स्टिकर) वर्षाचाच मिळतो, ४० फ्रँकला, मग तुम्ही एक दुपार का जाईना. इटलीत जुन्या शहरांच्या मध्यभागी झेडटीएलचे, म्हणजे बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेल्या भागाचे, कॅमेरे असतात. दंडाचं पत्र काही महिन्यांनी घरी येतं, तोवर तुम्ही सहल विसरलेले असता.

आत झोपताना

गॅसवर आणि विजेवर दोन्हीकडे चालणारा फ्रिज रात्री १२ व्होल्टवर, म्हणजे गाडीच्या बॅटरीवर, ठेवला तर सकाळी बॅटरी बसलेली. इंजिन चालू असताना बॅटरीवर, थांबल्यावर गॅसवर. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायूत बदलायचंच थांबतं, म्हणून थंडीत प्रोपेन घ्या. शेगडी पेटवून गाडी गरम करायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्याचा अलार्म लावा. कुकरच्या शिट्ट्याही शक्यतो दार उघडून, नाहीतर वाफ छतावर साचून रात्री पांघरुणावर ठिबकते.

बंद पडलीच तर

पिवळी जॅकेटं सीटखाली नकोत, हाताशी हवीत, कारण ती घालूनच उतरायचं. मग त्रिकोण, मग कठड्यापलीकडे. फ्रान्सच्या महामार्गावर आपला टो ट्रक बोलावता येत नाही. कडेच्या नारिंगी खांबावरून फोन करा, नेमलेला माणूसच येऊन गाडी बाहेर काढतो. त्याची पावती जपून ठेवा, विमा कंपनी पहिल्यांदा तीच मागते.