ई. कोलायचा आम्ल-प्रयोग: या चुका टाळा

‘पोटातल्या आम्लात ई. कोलाय (आतड्यात राहणारा जिवाणू) कसा टिकतो’ हा विषय एमएस्सीच्या प्रोजेक्टला दरवर्षी कुणीतरी घेतंच, आणि दरवर्षी तेच घोळ होतात.

सगळ्यात महागात पडतं ते कल्चरचं, म्हणजे माध्यमात वाढवलेल्या जिवाणूंचं, वय न नोंदवणं. एका विद्यार्थिनीने पीएच २.५ला दोन तास ठेवून प्लेटिंग केलं (वाचलेल्या पेशी मोजायला प्लेटवर पसरल्या), प्लेट कॉलन्यांनी गच्च भरली. पुढच्या आठवड्यात तोच स्ट्रेन, तेच आम्ल, आणि प्लेट कोरी. बिचारीने तीन आठवडे पीएच मीटर कॅलिब्रेट करण्यात घालवले. मी वही मागितली. पहिलं कल्चर रात्रभर शेकरवर होतं, दुसरं सकाळी लावून अडीच तासांत उचललेलं.

सगळं उत्तर तिथेच होतं. रात्रभरात अन्न संपतं, पेशीत आरपीओएस हे प्रथिन साचतं आणि संकटकाळची शेकडो जनुकं सुरू होतात. त्यातली एक व्यवस्था ग्लुटामेट या अमिनो आम्लापासून गाबा नावाचं संयुग बनवते. त्या प्रक्रियेत आत शिरलेला एक प्रोटॉन खर्ची पडतो, मग गाबा बाहेर आणि नवं ग्लुटामेट आत. भराभर वाढणाऱ्या कोवळ्या पेशींची ही तयारी झालेली नसते. म्हणून मी नळीवर मार्करने वेळ आणि ओडी (कल्चर किती गढूळ आहे याचं माप) लिहिते आणि दोन्ही वयांची कल्चर्स शेजारी शेजारी लावते. वहीत नुसतं ‘ओव्हरनाइट’ लिहिलेलं मला चालत नाही. सोळा तास आणि बावीस तास एक नव्हेत.

मिनिमल माध्यम (ज्यात अगदी मोजकेच घटक असतात) वापरत असाल तर या व्यवस्थेसाठी ग्लुटामेट घालायला विसरू नका.

ओडी म्हणजे जिवंत पेशी नव्हेत. मेलेल्याही प्रकाश अडवतात.

डायल्यूशन डिस्टिल्ड वॉटरमध्ये करू नका, ०.८५ टक्के सलाइन घ्या.

प्रयोग अँटिबायोटिकचा असेल तर वाचलेली प्रत्येक कॉलनी ‘रेझिस्टंट’ (औषधाला कायमची न जुमानणारी) ठरवण्याची घाई होते, तिचा मला मनापासून राग येतो. पेनिसिलिनमधून तगणाऱ्या मूठभर स्टॅफिलोकोकसना जोसेफ बिगर यांनी १९४४मध्येच ‘पर्सिस्टर’ म्हटलं होतं. त्यांची पिल्लावळ पुन्हा औषधाला बळी पडते. तेव्हा वाचलेली कॉलनी वाढवा आणि तोच डोस पुन्हा द्या. पेशी पहिल्याइतक्याच मेल्या तर वाचलेले ते पर्सिस्टर. यात दोन दिवस जास्त जातात, ते जाऊ द्या. क्षयरोगाचा कोर्स सहा महिने चालतो त्यामागे असेच दडून बसणारे जिवाणू आहेत, आणि तुमच्यातले काही जण उद्या त्याच रुग्णांचे नमुने तपासणार आहेत.