घोडा उडी घेण्याआधीच बटण दाबा

मोठ्या अश्वस्पर्धेचा प्रेस पास पहिल्यांदाच मिळालाय? आपण सोलापूरकर वारीतलं रिंगण पाहत मोठे झालो, त्यामुळे खुडूसला किंवा अकलूजला धावत्या अश्वाचे फोटो तुम्ही काढलेही असतील. ती सवय कामी येते, पण शो जंपिंगचं, म्हणजे ठरलेल्या क्रमाने अडथळे ओलांडण्याच्या स्पर्धेचं, गणित वेगळं आहे.

अडथळ्यांचा क्रम दाखवणारा नकाशा आधी मिळवा. लाल झेंडा स्वाराच्या उजवीकडे, पांढरा डावीकडे असतो, त्यावरून घोडा कुठून येणार ते समजतं. मग सगळ्या अडथळ्यांमागे न धावता दोनच निवडा: ऊन तुमच्या पाठीशी आणि मागे जाहिरातींचे फलक कमीत कमी. शटर १/१००० सेकंदापेक्षा हळू ठेवू नका, १/१६०० असेल तर उत्तम. पुढचे पाय जमीन सोडतात त्याच क्षणी दाबायला सुरुवात करा. घोडा वर दिसेपर्यंत थांबलात तर उतरतानाचाच फोटो मिळतो आणि तो सहसा कुणालाच आवडत नाही. घोड्यांची माणसं फोटोत तीन गोष्टी बघतात: गुडघे घट्ट दुमडलेले, कान पुढे, स्वाराची नजर पुढच्या अडथळ्यावर. कान मागे पडलेले असतील तर कितीही स्पष्ट फोटो असो, मी तो देत नाही.

फ्लॅश बंद म्हणजे बंदच. घोडा बिचकला तर स्वाराच्या जिवाशी खेळ होतो. छत्रीही कुंपणाजवळ उघडू नका, रेनकोट घाला. ड्रेसाजला, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेला, कॅमेरा सायलेंटवर ठेवा आणि स्वार शेवटचा सलाम करेपर्यंत जागचे हलू नका.