कॅबोशॉनसाठी पहिली मशीन घेताना आधी चाकं बघा, मग मोटर

नागपुरातून अमरावती रोडनं नाहीतर काटोल रोडनं बाहेर पडलं की काळा दगड सुरू होतो, शहरातली सीताबर्डीची टेकडीसुद्धा त्याच बेसॉल्टची, आणि सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या त्या लाव्हातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत हळूहळू सिलिका भरत गेली, त्याचेच हे अकीक, कॅल्सेडनी नि जास्पर. पाऊस पडून गेला की शेताच्या धुऱ्यावर, नाल्यात असे दगड उघडे पडतात, पोट्टे खिसे भरून आणतात. ओले असले की काय रंग दिसतात, आणि घरी आणून वाळले की सगळे राखेसारखे. ते ओलं रूप कायमचं धरून ठेवायचं असेल तर दगड कापून, खालून सपाट आणि वरून घुमटासारखा गोल करून पॉलिश करायचा, हेच कॅबोशॉन. आम्ही नुसतं कॅब म्हणतो.

एकदा हा नाद लागला की पुढचा प्रश्न ठरलेला, भाऊ कोणती मशीन घेऊ? आणि बहुतेक जण मोटर किती एचपीची इथून सुरुवात करतात. मी पण तिथूनच केली होती. माझं आता पक्कं मत झालंय की ६ इंची चाकांच्या मशीनला पाव ते अर्धा एचपी पुरते, त्यावर डोकं खपवायची गरज नाही. मशीन म्हणजे तिची दगड घासणारी चाकं, ती चाकं सरळ फिरवणारा शाफ्ट (मधला दांडा), आणि चाकावर पडणारं पाणी. या तीन गोष्टी नीट असल्या तर साधी मशीनपण कामाची, आणि यातली एक जरी बिघडली तर कितीही महागाची असो, दगडावर रेघा राहणारच.

आधी तुमच्याकडे दगड कोणता आहे ते बघा. अकीक नि जास्पर कडकपणाला साडेसहा ते सात, म्हणजे साध्या चाकूचा ओरखडा त्यावर उठत नाही. अशा दगडाला डायमंडची चाकं सगळ्यात बरी. सिलिकॉन कार्बाइडची जुन्या पद्धतीची चाकंपण चालतात आणि स्वस्त पडतात, पण ती झिजत जातात, त्यांच्यावर खड्डे पडतात, आणि मशीन बंद असताना खालच्या पाण्यात चाक बुडून राहिलं तर एक बाजू पाणी पिऊन जड होते आणि सुरू केल्यावर सगळं टेबल हादरतं. नवशिक्यानं डायमंडच घ्यावं असं मी म्हणीन. आणि महिन्याला चार-पाचच दगड करायचे की रोज संध्याकाळी दोन तास बसायचं, हेपण स्वतःला खरं खरं विचारा, कारण त्यावरूनच पुढचं ठरतं.

रोज बसणाऱ्यासाठी सहा चाकांची मशीन सगळ्यात सोपी. एकाच शाफ्टवर ६ इंच व्यासाची, दीड इंच रुंदीची सहा चाकं, डावीकडून उजवीकडे ग्रिट (म्हणजे कणांचा नंबर, आकडा जितका मोठा तितकं चाक बारीक) ८०, २२०, मग २८०, ६००, १२०० आणि ३००० किंवा त्याच्याही पुढे, नि टोकाला १४००० ची पॉलिशची चकती. पहिली दोन चाकं कडक असतात, ती आकार देतात. पुढची मऊ, म्हणजे डायमंड लावलेल्या रेझिनच्या पट्ट्याखाली फोम असतो, त्यामुळे चाक दगडाच्या गोलाईबरोबर थोडं दबतं आणि घुमटावर सपाट डाग उमटत नाहीत. हे मऊ चाकांचं काम लक्षात घ्या, कारण स्वस्तातल्या काही मशीनींवर सगळीच चाकं कडक देतात आणि मग घुमट गुळगुळीत होतच नाही, बारीक बारीक पैलू पडल्यासारखा दिसतो.

कमी दगड करणार असाल, जागा नसेल, किंवा खिसा आत्ता परवानगी देत नसेल तर फ्लॅट लॅप घ्या. ८ इंची आडवी चकती फिरते, ग्रिट बदलायचा की चकती बदलायची. दगडाची खालची बाजू सपाट करायला ही सहा चाकांच्या मशीनपेक्षाही चांगली, पण घुमट करताना हात सतत डोलवत ठेवावा लागतो, जरा थांबलात की तिथे सपाट डाग. ६०० च्या पुढे फोमवाल्या चकत्या वापरल्या तर हा त्रास बराच कमी होतो. आणि चकती बदलताना प्रत्येक वेळी हात, दगड, टब धुवायचा, कारण ८० चा एक कण ३००० वर गेला की तासाभराची मेहनत वाया.

तिसरा रस्ता म्हणजे घरी बनवणं, आणि नागपुरात हे जमण्यासारखं आहे. इतवारीत लोहाओळीला चक्कर मारली की शाफ्टचं लोखंड, बेरिंग, पुली, पट्टा सगळं दिसतं, लेथवाला शाफ्ट टर्न करून देतो. मोटर १४४० आरपीएमची घ्या, बेंच ग्राइंडरची २८०० ची नको. हिशोब सोपा आहे, ६ इंची चाक १४४० वर फिरलं की त्याची कड मिनिटाला जवळपास ६९० मीटर पळते, २८०० वर तीच १३४० च्या आसपास, म्हणजे पाणी चाकावर टिकतच नाही, तोंडावर उडतं आणि दगड कोरडा पडून तापतो. मोटरवर ३ इंची आणि शाफ्टवर ४ इंची पुली लावली तर चाक १०८० वर येतं, सुरुवातीला हात बसेपर्यंत हा वेग मला जास्त आवडतो. फक्त बेरिंग पाण्याच्या टबच्या बाहेर ठेवा. पाणी आणि दगडाचा गाळ बेरिंगमध्ये गेला की वर्षपण टिकत नाही.

हातात धरायचं छोटं रोटरी टूल घेऊन सुरुवात करणारे बरेच आहेत. बारीक कोरीव कामाला ठीक, पण अकीकचा ३० मिलिमीटरचा घुमट त्यावर करायचा म्हणजे हात दुखेपर्यंत बसा, आणि धूळ उडते ती वेगळीच.

आता शाफ्टबद्दल, इथे मी स्वतः फसलोय म्हणून जरा सविस्तर सांगतो. माझी पहिली मशीन ऑनलाइन एका विक्रेत्याकडून घेतली होती, चार चाकं, दिसायला एकदम भारी. सहा महिन्यांत ८० चं चाक गुळगुळीत झालं, नवीन मागवलं तर त्याचं भोक १ इंची, आणि माझ्या शाफ्टची जाडी कशातच बसेना. विक्रेत्यानं फोन उचलणं बंद केलं. मग बुश, म्हणजे शाफ्ट नि भोक यांच्यातली फट भरणारी कडी, बनवून घेतला, तो केसभर बाहेर निघाला, आणि त्या केसभरानं चाक दगडावर ठोके मारायला लागलं, ठक ठक ठक, दगडाच्या कडेला चिप्पे उडत होते. तीन बुश फुकट गेले तेव्हा चौथा बरोबर बसला. म्हणून पैसे देण्याआधी विचारा की शाफ्ट किती जाडीचा, चाकाचं भोक किती, आणि हीच चाकं दुसऱ्या कंपनीची बसतात का. उत्तर द्यायला कोणी कां-कूं करत असेल तर ती मशीन सोडा.

समोर मशीन बघायला मिळाली तर चाकं हातानं हळू फिरवा आणि एक पेन्सिल टेबलावर टेकवून तिचं टोक चाकापासून पोस्टकार्डाच्या जाडीएवढं लांब धरा. पूर्ण फेरीत ती फट सारखी राहिली पाहिजे, कुठे लागतंय कुठे सुटतंय असं दिसलं तर चाक किंवा शाफ्ट वाकडा. मग शाफ्ट दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा, खटखट वाजायला नको. मशीन चालू करून बाजूला पाण्याचा ग्लास ठेवा, पाण्यावर लाटा उठत असतील तर तो हादरा तुमच्या दगडावर उतरणार. पंधरा मिनिटं चालवून बेरिंगच्या घरावर हात ठेवून बघा, कोमट चालेल, चटका नको. सेकंडहँड असेल तर मऊ चाकांचे पट्टे नीट बघा. कुठे रेझिन फाटलं असेल तर मालकानं टोकदार कडेचा दगड त्यावर नेलाय, ते चाक गेलं समजा, आणि किंमत ठरवताना चाकांचे पैसे वजा करा, कारण सगळ्या खर्चात मोठा हिस्सा चाकांचाच असतो.

अमेरिकेतून कोणी नातेवाईक आणून देतो म्हणत असेल तर थांबा. तिकडची वीज १२० व्होल्ट ६० हर्ट्झ, आपली २३० व्होल्ट ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मरनं व्होल्टेज जमतं पण हर्ट्झ बदलत नाही, त्यामुळे तिथे १७२५ नं फिरणारी साधी इंडक्शन मोटर इथे साधारण १४४० नं फिरते. वेग चालून जातो पण मोटर जास्त तापू शकते, म्हणून मोटरवर ५०/६० दोन्ही लिहिलंय का ते बघूनच होकार द्या.

पाण्याचा जुगाड मात्र आपल्या घरातच आहे. उन्हाळा संपला की कूलरचा पंप रिकामाच असतो, बादलीत टाकून बारीक नळीनं चाकांवर पाणी सोडायला तो छान चालतो. पण एक गोष्ट मी दोन महिने चुकून करून राहिलो होतो, तेच पाणी सगळ्या चाकांवर गोल गोल फिरवत होतो. ८० च्या चाकातून निघालेला गाळ पंपातून १२०० वर जायचा आणि मला कळेना की हे ओरखडे येतात कुठून. आता पंपाचं पाणी फक्त पहिल्या दोन चाकांना, तेपण पंप बादलीत विटेवर ठेवून म्हणजे तळाचा गाळ ओढला जात नाही, आणि मऊ चाकांना वरच्या बाटलीतून ताजं पाणी थेंब थेंब, सलाइनच्या नळीनं. आपल्याकडे बोअरचं पाणी खारट, कूलरच्या जाळीवर जसा पांढरा थर बसतो तसा नळीच्या तोंडावर बसतो, महिन्यातून एकदा लिंबू नाहीतर व्हिनेगरनं धुऊन घ्या. काम संपलं की पाणी बंद करून मशीन एक-दोन मिनिटं तशीच फिरू द्या, फोममधलं पाणी निघून जातं.

पाणी आहे म्हणजे करंटची भीती आहे. तीन पिनचं अर्थिंग असलेलं सॉकेट आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच), याशिवाय मशीन चालू करू नका. मोटर पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा.

आणि धूळ. हे मी कळकळीनं सांगतो, गुजरातेतल्या खंबातला अकीकचा धंदा शेकडो वर्षांचा, पण तिथल्या कारागिरांना सिलिकोसिसनं फार छळलंय. सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात गेली की परत निघत नाही, त्या आजाराला औषध नाही. म्हणून कोरडं घासणं कधीच नाही, पाणी असलं तरी एन९५ मास्क लावायचा, आणि वाळलेला गाळ झाडूनं झाडायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचा. फ्लॅटमध्ये राहत असाल तर बेडरूमच्या बाल्कनीत मशीन नको, वाळलेले शिंतोडे घरात येतात. गाळ बेसिनमध्येपण ओतू नका, पाइपात दगडासारखा बसतो.

दगड कापायची करवत लगेच घेऊ नका. जयपूरवाले, खंबातवाले तयार स्लॅब, म्हणजे दगडाचे कापलेले काप, विकतात, ५-६ मिलिमीटर जाडीचे दहा स्लॅब घेऊन शिका, करवतीचे पैसे चांगल्या चाकांत घाला. नंतर वाटलं तर टाइल कापायची पाण्याच्या ट्रेवाली टेबल मशीन अखंड कडेचं ब्लेड लावून काम भागवते, फक्त ब्लेड जाड असल्यानं दगड जास्त वाया जातो. हातातलं मार्बल कटर आणि पाणी ही जोडी मात्र नको.

पहिला दगड ३० बाय २२ मिलिमीटरचा ओव्हल घ्या, फार छोटा बोटांत धरवत नाही. साचा ठेवून पितळेच्या किंवा अॅल्युमिनियमच्या काडीनं रेघ मारा, पेन्सिलची रेघ पाण्यात जाते. दगड लाखेनं काडीवर चिकटवा, ८० वर रेघेपर्यंत आकार द्या, २२० वर घुमट पूर्ण करा, आणि २८० च्या मऊ चाकावर तुम्हाला वाटतं त्याच्या दुप्पट वेळ द्या. आधीचे सगळे खोल ओरखडे इथेच काढायचे, पुढे निघत नाहीत. दर वेळी दगड फडक्यानं पूर्ण कोरडा करून दिव्याखाली तिरपा धरा. माझा पहिला अकीक मी रात्री ओला असताना बघून खूश झालो होतो, घरात सगळ्यांना दाखवला, सकाळी वाळला तर मधोमध ८० च्या तीन समांतर रेघा, जशाच्या तशा. परत २८० वर जावं लागलं. १४००० नंतरही चमक कमी वाटली तर चामड्यावर सेरियम ऑक्साइड ओलं करून घासा, अकीकवर ते मस्त चढतं.

झाला की तो दगड घेऊन सराफा ओळीत ओळखीच्या सोनाराकडे जा. माझ्या सोनारकाकांनी चमकेकडे बघितलंच नाही, काउंटरच्या काचेवर दगड उपडा-सुलटा ठेवून बोटानं दाबला आणि म्हणाले, "बाळा, हा डुलतो, आणि कड इकडे जाड तिकडे बारीक, कोंदणात बसवू कसा?" तेव्हापासून घुमटाला हात लावायच्या आधी मी खालची बाजू काचेवर ठेवून बघतो.