विहिरीचं पाणी मोजा, मग सऱ्या ठरवा

फेब्रुवारी सरला की बेळगावजवळच्या मार्कंडेय नदीचं पात्र उघडं पडायला लागतं आणि उचगाव, कंग्राळी, कडोलीकडच्या मळ्यांतल्या विहिरीही खाली जातात. मग आपण आहे तेवढं पाणी सगळ्या मळ्याला थोडं थोडं फिरवतो आणि एकही सरी धड भिजत नाही.

आधी पाणी मोजा. पाइपाच्या तोंडाला 20 लिटरची बादली धरा. ती 12 सेकंदांत भरली तर तासाला 6,000 लिटर. फुटवॉल (पाइपाच्या विहिरीतल्या टोकाची झडप) उघडा पडेपर्यंत मोटर तीन तास चालते आणि दुसऱ्या दिवशी विहीर पुन्हा तेवढीच भरते असं धरा, म्हणजे हातात रोजचे 18,000 लिटर. भर उन्हाळ्यात वाढलेल्या भाजीला गुंठ्यामागे रोज सुमारे 500 लिटर लागतात. पाटात मुरणारं वजा केलं तर 20-22 गुंठे निघतात, ठिबकवर 30 च्या आसपास. त्यापुढचा तुकडा यंदा मोकळा ठेवा. जिवावर येतं, पण रोपं, खत, मजुरी घालून करपलेलं पीक बघणं त्याहून वाईट.

लागण झालीच असेल तर एकाआड एक सरी भिजवा, पुढच्या पाळीला उरलेल्या. बुडात दोन-तीन इंच उसाचा पाला पसरा. पिंजर (भाताचा पेंढा) जनावरांना लागतं. पाला मात्र बांधावर जाळला जातो, तो मागून आणा. पाणी संध्याकाळी किंवा पहाटे द्या. करंट रात्रीचाच असेल तर बॅटरी आणि गमबूट घेतल्याशिवाय सरीत उतरू नका.

टोमॅटो-मिरचीला फुलोऱ्यात आणि फळ धरताना, कोबीला गड्डा भरताना ताण अजिबात नको. गेल्या उन्हाळ्यात आमच्या टोमॅटोच्या फळांच्या बुडाला काळे, चामड्यासारखे डाग पडले. रोग समजून मी दोनदा औषध मारलं. खरं कारण पाण्याच्या पाळीत होतं: एक पाळी चार दिवसांनी, तर पुढची दहाव्या दिवशी. पाण्याबरोबर जाणारं कॅल्शियम फळापर्यंत पोचलंच नाही. पाणी कमी असलं तरी चालेल, पाळी चुकवू नका.

वळवाचं आभाळ दिसू लागलं की तयार गड्डे लगेच काढा. कोरड्या रानात एकदम मोठा पाऊस झाला तर कोबी रातोरात फुटतो.