कॅन्सरचे उपचार सुरू असताना मुलाचा घरी व्यायाम कसा घ्यावा

केमोथेरपी घेणाऱ्या मुलाला झोपवून ठेवायचं, हे मायेपोटीच होतं. पण नुसतं पडून राहिलं की स्नायू झपाट्याने उतरतात. त्यात व्हिन्क्रिस्टीन हे केमोथेरपीतलं औषध पायांच्या नसा बधिर करतं आणि स्टेरॉइडमुळे मांड्यांमधली ताकद जाते. म्हणून व्यायाम हवा. थोडाच, पण शक्यतो रोज.

सुरुवात डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांना विचारून. प्लेटलेट किती खाली गेल्या की काय बंद करायचं, ते आकड्यात लिहून घ्या. हाडाचा ट्यूमर असेल किंवा नुकतं ऑपरेशन झालं असेल, तर कुठल्या पायावर किती भार चालेल तेही विचारा. सेंट्रल लाइन (औषधं देण्यासाठी मोठ्या शिरेत बसवलेली नळी) असेल, तर कुठल्या हालचालींनी ती ओढली जाईल ते समजून घ्या.

मग रोज आधी ताप बघा. 38 अंश सेल्सियस (100.4 फॅरनहाइट) किंवा जास्त असेल, तर व्यायाम राहू द्या आणि लगेच रुग्णालयाला फोन करा. नवे जांभळे डाग, नाकातून रक्त, छातीत दुखणं, चक्कर असेल तरीही तसंच.

आता घोटे. माझ्या मते सगळ्यात जास्त लक्ष इथे हवं, कारण बिघाड हळूच सुरू होतो: मूल चालताना पाऊल आपटतं, बोटं जमिनीला घासतात. त्याला पाय लांब करून बसवा. तळव्याच्या पुढच्या भागाला टॉवेल अडकवून त्याच्याकडूनच तो सावकाश ओढून घ्या. पोटरीला ताण जाणवायला हवा, दुखायला नको. 20–30 सेकंद धरून सोडायचं. प्रत्येक पायाला तीनदा. जमत असेल तर हात धरून टाचांवर चार पावलं. लहान मुलांना ‘पेंग्विनसारखं चाल’ म्हटलं की पुरतं.

मांड्यांसाठी खुर्चीतून उठणं-बसणं, पाच वेळा. थकवा असेल त्या दिवशी पडल्या पडल्या गुडघे वाकवणं आणि साबणाचे फुगे फुंकणं एवढंच. पाच मिनिटं झाली तरी खूप. चेहरा पांढरा पडला किंवा बोलताना धाप लागली, तर थांबा. स्टेरॉइड घेणाऱ्या मुलाचं खुब्याच्या सांध्यात किंवा गुडघ्यात दुखणं मात्र ‘व्यायामामुळे असेल’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना सांगा.

आठवड्यातून एकदा, बरं वाटत असेल त्या दिवशी, 30 सेकंदांत मूल खुर्चीतून किती वेळा उठतं ते मोजा आणि वहीत टिपा. आकडा घसरू लागला, तर ती वही पुढच्या भेटीत फिजिओथेरपिस्टला दाखवा.