पुरावे दाखवूनही समोरचा ऐकत नाही? समजावताना या चुका टाळा

परळला राहणाऱ्या माझ्या मावशीचा ठाम समज होता की शुगर-बीपीच्या गोळ्यांनी किडनी जाते. तिचं वरचं बीपी १७० च्या पुढे जायला लागलं, डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, आणि तिने ती चिठ्ठी घडी करून फळीवरच्या डब्याखाली सरकवली. तिला पटवायला मला तीन वर्षं लागली. त्यातली पहिली अडीच माझ्याच चुकांमुळे वाया गेली. त्या काळात तिच्या शरीराने जे सोसलं ते मला आजही टोचतं, म्हणून हे लिहिते आहे.

चारचौघांत खोडून काढणं

गणपतीत सगळे जमलो होतो. आरती झाली, पानं मांडायची होती. मावशी मामेबहिणीला सांगत होती, "त्या गोळ्या एकदा लागल्या की सुटत नाहीत, आणि शेवटी डायलिसिस." मी तिथल्या तिथे मोबाइल काढला आणि सगळ्यांसमोर लेख वाचून दाखवला. मावशी काहीच बोलली नाही. पुढे दोन महिने तिने माझा फोन घेतला नाही.

आपलं चुकलं हे धाकट्यांसमोर कबूल करणं कोणत्याही मोठ्या माणसाला जड जातं. अशा वेळी तो समज सोडत नाही, तोंड मिटतो. बोलायचं तर दोघंच असताना बोला, भाजी निवडताना, चहा घेताना. फॅमिली ग्रुपवर चुकीचा मेसेज आला तर टाकणाऱ्याला वेगळा फोन करा. त्या मेसेजने कुणाला इजा होण्यासारखी असेल तर ग्रुपवर खरी माहिती जरूर टाका, पण नाव न घेता.

कागदांचा ढीग घालणं

नंतर मी प्रिंट काढून नेल्या. मावशीने त्या वाचल्या, आणि त्यातल्या दुष्परिणामांच्या यादीवर बोट ठेवलं. "बघ, इथेच लिहिलंय."

तेव्हा मला राग आला होता, पण आपण सगळे असंच वाचतो. १९७९ साली स्टॅनफर्डमध्ये फाशीच्या शिक्षेच्या बाजूचे आणि विरोधातले विद्यार्थी घेऊन एक प्रयोग झाला होता. सगळ्यांना दोन अभ्यास वाचायला दिले, एक बाजूचा, एक विरोधातला. दोन्ही गटांना आपल्या बाजूचा अभ्यास भक्कम वाटला आणि दुसऱ्यातल्या उणिवा दिसल्या. वाचून झाल्यावर दोघेही आपल्या मतावर आधीपेक्षा पक्के झाल्याचं सांगत होते. पुरावा तोच होता, पण आवडत्या बाजूला सहज वाट मिळाली आणि नावडत्या बाजूची झडती झाली. म्हणून दहा मुद्दे नेऊ नका. एकच न्या, समोरच्याला स्वतः पडताळता येईल असा.

समज कशावर टेकला आहे हे न विचारणं

ही माझी सगळ्यात मोठी चूक. अडीच वर्षांत मी मावशीला एकदाही विचारलं नाही की हे तुला कुठून वाटायला लागलं.

विचारलं तेव्हा ती काकांबद्दल, म्हणजे तिच्या नवऱ्याबद्दल, बोलायला लागली. काकांना पंधरा वर्षं शुगर होती. कुणीतरी एक काढा सुचवला, आणि काकांनी गोळ्या पूर्ण बंद करून दोन वर्षं तो घेतला. रोज पहाटे उठून तो उकळायची मावशी. नंतर क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते ते दाखवणारा रक्तातला आकडा, वाढलं, आठवड्याला तीन डायलिसिस सुरू झाली, आणि काका गेले.

आता गोळ्या निर्दोष धरल्या तर बोट कुणाकडे वळतं? त्या काढ्याकडे, आणि तो उकळणाऱ्या हाताकडे. मी माझ्या मते वैद्यकीय माहिती देत होते. तिला ऐकू येत होतं ते, "तुझ्यामुळे काका गेले."

लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये मनाच्या या ओढाताणीचा सिद्धांत मांडला. 'मी चांगली आहे' आणि 'माझ्या हातून वाईट झालं' ही दोन वाक्यं शेजारी ठेवणं असह्य होतं, मग मन त्यातलं सोपं वाक्य बदलून टाकतं. १९५९ च्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांकडून अतिशय कंटाळवाणं काम करून घेतलं आणि पुढच्या माणसाला 'मजा आली' असं खोटं सांगायला लावलं. काहींना त्याबद्दल २० डॉलर मिळाले, काहींना फक्त १. काम खरंच बरं होतं असं नंतर जास्त सांगितलं ते १ डॉलरवाल्यांनी. वीसवाल्यांकडे खोटं बोलण्याचं कारण होतं. एकवाल्यांना ते स्वतःच्या मनात तयार करावं लागलं.

तेव्हा पुरावा काढण्याआधी विचारा, हा समज गेला तर या माणसाचं काय जाईल? कुणाचे बुडालेले पैसे असतात, कुणाचा गुरू, कुणाची चाळीस वर्षांची मैत्री.

"ते खोटं आहे" म्हणून थांबणं

काका डायलिसिसवर गेले हे खरंच होतं. मी मावशीचं कारण काढून घेत होते आणि त्या जागी काहीच देत नव्हते. १९९४ च्या एका प्रयोगात लोकांना गोदामाच्या आगीची हकिगत वाचायला दिली. आधी सांगितलं की एका खोलीत रंगाचे डबे आणि गॅस सिलिंडर होते, पुढे सांगितलं की ती खोली रिकामीच होती. ही दुरुस्ती लक्षात असूनही लोक आगीचं कारण रंग आणि गॅसच धरत राहिले. आगीचं दुसरं कारण दिल्यावर मात्र त्यांचा हा भर कमी झाला.

मुंबईकरांना १८ ऑगस्ट २००६ ची संध्याकाळ आठवत असेल. माहीमच्या किनाऱ्यावर समुद्राचं पाणी गोड झाल्याची बातमी पसरली आणि लोक बाटल्या भरून नेऊ लागले, पिऊ लागले. पाणी दूषित आहे, पिऊ नका, असं महापालिका सांगत होती. पण ज्याने स्वतः चव घेतली होती त्याचं मुख्य कोडं त्याने सुटत नव्हतं. पावसाळ्यात मिठी नदीचं पाणी खाडीत उतरतं, गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असल्याने वर राहतं, म्हणून चव बदलते, आणि त्याच मिठीत शहराचं सांडपाणी येतं, असं सांगितलं की चवही खरी ठरते आणि धोकाही समजतो.

मावशीसाठी मी तसंच केलं. वाढलेली शुगर आणि बीपी किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं खराब करतात. किडनी थकली की डॉक्टर मेटफॉर्मिनसारखी शुगरची गोळी कमी किंवा बंद करतात, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं की गोळीनेच घात केला. आणि तिच्या बोलण्यात खरं होतं तेही मान्य केलं. अंगदुखीच्या काही गोळ्या मनाने रोज घेत राहिलं तर किडनीला खरंच इजा होते. हे ऐकून ती पहिल्यांदा माझ्याकडे वळून बसली.

खोटं वाक्य पुन्हा पुन्हा उच्चारणं

कानावरून वारंवार गेलेलं वाक्य खरं वाटू लागतं, हे १९७७ पासून प्रयोगांत दिसत आलं आहे. 'गोळीने किडनी जात नाही' यातलं 'नाही' विसरलं जातं. 'बीपी आटोक्यात ठेवलं की किडनी टिकते' असं सरळ म्हणा.

सांगणारा कोण, हे विसरणं

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा रुग्णालयात नेतात ते मारायलाच, अशी अफवा होती. त्या ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. त्यांना नुसतं अडाणी म्हणणं मला पटत नाही. घरात घुसून माणसं उचलून नेणाऱ्या सरकारचा शब्द त्यांनी का मानावा? प्लेगची लस बनवणारे शास्त्रज्ञ हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. मावशीची खोली त्यांच्या नावाच्या संस्थेपासून चालत दहा मिनिटांवर आहे. तिला शेवटी पटलं ते समोरच्या खोलीतल्या वहिनींमुळे. त्या आठ वर्षं बीपीची गोळी घेतात. त्यांनी आपले जुने-नवे रिपोर्ट तिच्यापुढे ठेवले.

पहिल्या नकारावर हात टेकणं

दुरुस्ती केली की समज उलट घट्ट होतो, असा निष्कर्ष २०१० च्या एका गाजलेल्या अभ्यासात निघाला आणि खूप पसरला. पण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात दहा हजारांहून जास्त लोकांवर ५२ मुद्दे तपासले, तेव्हा असा उलटा परिणाम जवळपास दिसला नाही. लोक थोडे का होईना, सरकतात. मावशीने आधी बीपी मोजायचं यंत्र घरात आणू दिलं. चार महिन्यांनी गोळी सुरू केली.

गोळी सुरू झाल्यावर एका संध्याकाळी तिने विचारलं, "ह्यांनी ती दोन वर्षं गोळ्या घेतल्या असत्या, तर?" मी नाही म्हटलं असतं तर ते खोटं ठरलं असतं. मी म्हटलं, "कदाचित थोडा वेळ जास्त मिळाला असता, मावशी. पण शुगर त्याआधी तेरा वर्षं होती, आणि तू पहाटे उठत होतीस ती ते वाचावेत म्हणून." ती बराच वेळ रडली. मग उठून तिने दोघींसाठी चहा टाकला.